भाता सोडायचा नाही: मुंबईतल्या घरात 24 तासांची अतिविलंबित मैफल कशी करायची

शनिवारी सकाळी पावणेआठला शेजारच्या काकू दारात उभ्या, हातात दुधाची पिशवी. "काय रे, पेटी अडकली का तुमची? पाऊण तास झाला, तेच तेच वाजतंय." म्हटलं काकू, अडकली नाही, मुद्दाम धरून ठेवलीय, नऊ वाजता बदलणार. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "बरं, नऊला येते." आणि खरंच आल्या, सोबत दोन सुना घेऊन.

तर गिरगावातल्या एका चाळीत मित्राची दोन खोल्यांची जागा रिकामी होती, तिथे आम्ही आठ जणांनी शनिवारी सकाळी 7 ते रविवारी सकाळी 7 असे 24 तास एक पेटी न थांबता वाजवली, आणि त्या 24 तासांत सूर बदलले फक्त 11 वेळा. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की हे कसं करतात, आम्हाला पण करायचंय, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय. आधीच सांगतो, यात वाजवणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. सूर धरणं कुणालाही जमतं. कठीण आहे ते एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देणं, त्यामुळे ते पुढे सविस्तर सांगितलंय.

हे खूळ आलं कुठून

जर्मनीत हाल्बरश्टाट म्हणून एक छोटं गाव आहे, तिथल्या सेंट बुर्कार्डी या जुन्या चर्चमध्ये जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची एक रचना 2001 पासून चालू आहे आणि ती 2640 साली संपणार आहे. 639 वर्षं. केजने 1985 मध्ये ही पियानोसाठी लिहिली, 1987 मध्ये ऑर्गनसाठी बदलून दिली, आणि शक्य तितकं सावकाश वाजवा एवढीच सूचना ठेवली, किती सावकाश ते लिहिलंच नाही. मग तो गेल्यावर लोकांनी डोकं लावलं की ऑर्गन म्हणजे हवेवर चालणारं वाद्य, हवा मिळतेय तोवर सूर मरत नाही, मग शक्य तितकं म्हणजे नक्की किती? त्या गावच्या मोठ्या चर्चमध्ये 1361 साली एक प्रसिद्ध ऑर्गन बसवला होता, 2000 मधून 1361 वजा केले की 639, बस, ठरलं.

गंमत म्हणजे रचनेची सुरुवात विरामाने होते, त्यामुळे 5 सप्टेंबर 2001 ला कार्यक्रम सुरू झाला आणि पुढचे 17 महिने फक्त भात्याच्या हवेचा आवाज. पहिला सूर 5 फेब्रुवारी 2003 ला. ऑर्गनच्या पट्ट्या वाळूच्या छोट्या पिशव्यांनी दाबून ठेवलेल्या असतात, आणि त्या वाद्यात नळ्याही सुरुवातीपासून सगळ्या नाहीत, जसा सूर येईल तशी नळी बसवतात. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये बदलला तो सूर थेट 5 सप्टेंबर 2020 ला पुन्हा बदलला, म्हणजे जवळपास सात वर्षं एकच सूरसमूह. त्यानंतर 2022 आणि 2024 च्या फेब्रुवारीत, आणि मग 5 ऑगस्ट 2026. तारीख नेहमी 5, कारण केजचा वाढदिवस 5 सप्टेंबरचा.

आपल्याकडच्या माणसाला हे ऐकून पहिल्यांदा हसू येतं, मलाही आलं होतं. मग आठवलं की आमच्या आजोळी दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो, सात दिवस सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही, दिवसरात्र कुणीतरी ती गळ्यात घालून उभा. पहाऱ्यांची यादी मंदिराच्या भिंतीवर खडूने लिहिलेली. म्हणजे आपल्याला हे तंत्र शिकायला जर्मनीला जायची गरज नाही, गावाकडच्या एखाद्या वीणेकऱ्याला विचारलं तरी भागतं.

पहिलं काम: काय वाजवायचं ते ठरवा

इथे तीन रस्ते आहेत आणि तिन्हींची मेहनत वेगवेगळी आहे.

पियानो किंवा कीबोर्ड येणारा कुणी असेल तर एरिक साती. या फ्रेंच माणसाने 1893 च्या सुमारास 'व्हेक्सेशन्स' नावाचं एक पान लिहिलं आणि वर टीप टाकली की हे 840 वेळा वाजवायचं असेल तर आधी एकदम शांत होऊन तयारी करावी. त्याच्या हयातीत कुणी ते मनावर घेतलं नाही. 1963 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला केजनेच बरेच पियानोवादक जमवून आळीपाळीने ते पूर्ण वाजवून घेतलं, 18 तास 40 मिनिटं लागली. भागाकार केलात तर एका फेरीला 80 सेकंद पडतात, तो हिशोब धरून चालायला हरकत नाही. एकट्याने करायच्या भानगडीत मात्र पडू नका. ऑस्ट्रेलियात 1970 मध्ये पीटर इव्हान्स नावाच्या वादकाने एकट्याने सुरुवात केली आणि 595 फेऱ्यांनंतर उठला, कारण डोक्यात वाईट विचार यायला लागले होते म्हणे. इगोर लेविट या नामवंत पियानोवादकाने 2020 च्या लॉकडाऊनमध्ये एकट्याने सगळं वाजवलं, 15 तासांहून जास्त, पण तो इगोर लेविट आहे.

दुसरा रस्ता म्हणजे एकच सूरजोडी धरून ठेवायची. ला माँट यंग या अमेरिकन संगीतकाराची 1960 ची एक रचना आहे, तिच्यात दोनच सूर आणि खाली सूचना की हे बराच वेळ धरून ठेवा, झालं. ते दोन सूर आपल्या भाषेत पांढरी 7 आणि काळी 3 (सप्तकातली सातवी पांढरी आणि तिसरी काळी पट्टी), म्हणजे पांढरी 7 चा षड्ज-पंचम, सा आणि प. आपण रोज तानपुरा लावतो तेव्हा दुसरं काय करतो? आणि हा योगायोग पण नाही पूर्ण, कारण यंग पुढे 1970 पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. त्यांचे गुरू अब्दुल वहीद खाँ, जे अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ, ख्यालासाठीच ओळखले जातात. म्हणजे न्यूयॉर्कच्या या सगळ्या संथपणाची एक मुळी आपल्याच मातीत आहे.

तिसरा रस्ता आम्ही घेतला, स्वतःची रचना करायची. केजचं वाजवू शकता, पण तो 1992 ला गेला आणि आपल्या कायद्यात कॉपीराइट निधनानंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे 2052 संपेपर्यंत, त्यामुळे जाहीर कार्यक्रम ठेवलात तर परवानगी वगैरे आली. साती 1925 ला गेला, तो मोकळा. आणि षड्ज-पंचम कुणाच्या बापाचा नाही.

गणित: एकतालाला ताणायचं

आम्ही विलंबित एकताल घेतला. 12 मात्रा, म्हणजे 12 ठोके. अतिविलंबितात एक मात्रा साधारण 5 सेकंदांची धरली तर आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, एका मिनिटाचं होतं. आता एक मात्रा एक तासाची केली की आवर्तन 12 तासांचं, म्हणजे बरोब्बर 720 पट संथ. दोन आवर्तनांत 24 तास. सकाळी 7 ला सम, म्हणजे पहिली मात्रा, संध्याकाळी 7 ला सम, परत सकाळी 7 ला सम. हे कागदावर लिहिल्यावर मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही.

पण दर तासाला सूर बदलायचा नाही हां, ते ऑफिसच्या शिफ्टसारखं होतं. एकतालात टाळ्या 1, 5, 9, 11 वर आणि 'खाली', म्हणजे टाळी न देता मोकळी सोडलेली मात्रा, 3 आणि 7 वर, म्हणजे दर दोन मात्रांनी काहीतरी घडतं, तेवढ्याच जागा घ्या. नियम असा केला की टाळीला एक सूर वाढवायचा, खालीला एक काढायचा. भूप रागाचे सूर घेतले कारण चुकलं तरी कानाला बोचत नाही. आमचं आवर्तन असं होतं: 7 वाजता सा आणि प. 9 ला खाली, प काढला, नुसता सा. 11 ला ग घातला. दुपारी 1 ला सा काढून टाकला, आणि हा सगळ्यात भारी क्षण होता, सहा तास ज्याच्यावर उभे होतो तो सा गेला आणि एकटा ग उरला, दोन तास तो ग हळूहळू स्वतःच सा वाटायला लागला, खोलीत बसलेल्या दोघांनी हे वेगवेगळं येऊन सांगितलं. मग 3 ला ध, 5 ला प, आणि 7 ला समेवर ग आणि ध उचलून सा परत. तीन तासांपूर्वी आलेले लोक त्या सा ला अक्षरशः दाद देत होते. संध्याकाळी 7 पासून हेच सगळं पुन्हा, फक्त रात्रीचं. आवर्तनाला सहा बदल, दोन आवर्तनांचे बारा, त्यातला शेवटचा बदल म्हणजे बंद करणं, म्हणून अकरा.

एकाच वेळी तीनपेक्षा जास्त सूर घेऊ नका. का ते पुढे पेटीच्या भागात सांगतो.

पेटी, कॅसिओ की तानपुरा

तानपुरा सगळ्यात सुंदर पण त्याचा झंकार काही सेकंदांत विरतो, परत छेडावा लागतो. 5 सेकंदांची एक फेरी धरली तर 24 तासांत 17,280 फेऱ्या. बोटं जातील. शिवाय मुंबईच्या दमटपणात तारा उतरतात, दर तासाला परत सुरात लावत बसा. मशीनवाला तानपुरा लावून झोपी गेलात तर वाजेल छान, पण मग ती मैफल कुठली, तो फ्रिज झाला.

कॅसिओचं सोपं आहे, ऑर्गनचा टोन निवडा (पियानोचा टोन पट्टी दाबलेली असली तरी विरत जातो), पट्टीवर वजन ठेवा. फक्त मॅन्युअल काढून ऑटो पॉवर ऑफ बंद कसं करतात ते आधी बघा, नाहीतर बऱ्याच मॉडेलमध्ये नवी पट्टी दाबली गेली नाही की थोड्या वेळाने कीबोर्ड आपोआप बंद होतो आणि तुमची 12 तासांची सम अर्ध्या तासात येते. वजनाला जुन्या ब्लाउजपीसच्या बोटभर पिशव्या शिवा, आत धुऊन कडक वाळवलेली वाळू. आम्ही पहिल्यांदा तांदूळ भरले होते, दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग पांढरी 5 पासून थेट खिडकीपर्यंत.

पण माझं मत पेटीलाच. पेटीत माणूस लागतो आणि तोच मुद्दा आहे. हाताने मारायच्या भात्याच्या आत, पेटीच्या पोटात दुसरा भाता असतो, स्प्रिंग लावलेला, तो हवा साठवून ठेवतो, म्हणून तुम्ही हात थांबवलात तरी सूर लगेच मरत नाही. हात सोडल्यावर जे दोन-चार सेकंद सूर टिकतो तेवढाच तुमचा हातबदलाचा वेळ. जितके सूर जास्त उघडे तितकी हवा लवकर संपते, म्हणून तीनची मर्यादा. एका सुरावर भाता अगदी आरामात, हळू हळू मारता येतो, तिनांवर दंड भरून येतो.

भाड्याने पेटी आणणार असाल तर दुकानातच ही चाचणी करा: सगळ्या खुंट्या बंद, कुठलीही पट्टी दाबू नका, भाता पूर्ण भरा आणि मनात दहापर्यंत मोजा. तेवढ्यात भाता रिकामा झाला तर हवा गळतेय, ती पेटी घेऊ नका. आम्ही पहिल्यांदा हे न करता एक पेटी आणली होती, दिसायला झकास, पॉलिश चकचकीत, आणि रात्री दहाला कळलं की घडीच्या कोपऱ्यातून फुस्स. शनिवारी रात्री दहाला गिरगावात पेटी कोण दुरुस्त करणार? सेलोटेप, मग फेव्हिकॉल आणि रुमालाची पट्टी, मग रद्दच केलं. हा आमचा पहिला प्रयत्न, जो या लेखात इतका वेळ मी लपवून ठेवला होता.

सा कुठला घ्यायचा? इथे एक छोटी ट्रिक. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइटचा चोक, ट्रान्सफॉर्मर, पंप हे सगळे साधारण 100 हर्ट्झला गुणगुणत असतात. खालच्या सप्तकातली पांढरी 5 आहे 98 हर्ट्झ. म्हणजे जवळजवळ तीच, दोनचाच फरक. पांढरी 5 चा सा घेतला की खोलीची घरघर आणि पेटी एकमेकांवर घासून सेकंदाला दोन असा हलका डोल देतात. रात्री सगळं शांत झाल्यावर हा डोल इतका स्पष्ट येतो की लोक पेटी बिघडली का विचारतात. ला माँट यंगलाही लहानपणापासून ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणण्याचं वेड होतं, फक्त त्याच्याकडची वीज 60 ची. डोल नको असेल तर ट्यूब बंद करून साधा दिवा लावा, किंवा काळी 1 घ्या.

ज्यांना वाद्यच नको त्यांच्यासाठी कॉम्प्युटर. रेकॉर्डिंग नुसतं हळू केलं की सूर खाली जातो, निम्म्या वेगाला एक सप्तक. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पॉलस्ट्रेच नावाचा इफेक्ट आहे, तो सूर तसाच ठेवून लांबी वाढवतो. नॉर्वेच्या लाइफ इंगेने 2002 मध्ये बीथोव्हनची नववी सिंफनी अशी ताणून 24 तासांची केली होती, अर्थात त्याची पद्धत वेगळी. एकच अडचण, वेव्ह फाइल 4 जीबीच्या वर जात नाही आणि साध्या सीडी क्वालिटीला तासाला 600 एमबीच्या वर लागतात, म्हणजे साडेसहा तासांच्या पुढे गाडी अडकते. चार-चार तासांचे तुकडे करा. 24 तासांची मैफल रेकॉर्ड करायची असेल तरी हाच हिशोब, साधारण 15 जीबी मोकळी जागा हवी.

जागा, शेजारी आणि कायदा

रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद, बंद खोलीत आतल्या आत चालतो पण आवाज बाहेर जाता कामा नये. राहत्या भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा आहे, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या 100 मीटरच्या आत तर अजून कमी. पेटीला माईक लावूच नका, प्रश्नच मिटला. तरी रात्री दारं-खिडक्या लावा, पेटीखाली जाड गोधडीची चौघडी ठेवा, कारण चाळीत आवाज हवेतून कमी आणि लाकडी जमिनीतून जास्त जातो. हाल्बरश्टाटच्या लोकांनी पण आवाज कमी राहावा म्हणून ऑर्गनभोवती पारदर्शक खोकं बसवलंय, तेव्हा लाज वाटून घेऊ नका.

शेजाऱ्यांना आठवडाभर आधी जाऊन सांगा, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून नाही, दारात जाऊन. आणि "एक्सपेरिमेंटल म्युझिक आहे" असं सांगू नका. मी खालच्या मजल्यावरच्या आजोबांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे अजून जमलेलं नाही." दुसऱ्यांदा सांगितलं की सप्ताहासारखं आहे, फक्त पेटीचं, तर म्हणाले, "मग प्रसाद काय?" प्रसाद ठेवा. आम्ही शिरा ठेवला होता, सकाळी 7 च्या समेला. तक्रार आली नाही.

तारीख निवडताना गणपती, नवरात्र, लग्नसराई टाळा. पावसाळाही टाळा, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. शनिवार सकाळी सुरू करून रविवारी सकाळी 7 ला संपवा म्हणजे मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत डोंबिवली-विरारवाले घरी पोचतात.

पहारे

24 तास, दोन-दोन तासांचे 12 पहारे, प्रत्येक पहाऱ्याला दोन माणसं. म्हणजे 24 जागा. आठ जण असतील तर प्रत्येकी तीन पहारे येतात, हे झेपतं. सहा जणांत चार येतात, ते झेपत नाही, तिसऱ्यालाच माणूस चिडचिडा होतो. दोघांतला एक भाता मारतो, दुसरा नुसता बसतो, 20-25 मिनिटांनी बदली. नुसता बसणारा महत्त्वाचा, तो भातेवाल्याच्या डोळ्यांकडे बघत असतो.

लोकलचा विचार करून पहारे लावा. रात्री 1 च्या आसपास शेवटची गाडी आणि पहाटे 4 नंतर पहिली, त्यामुळे 1 ते 3 आणि 3 ते 5 हे दोन पहारे ज्यांना तिथेच झोपायचंय त्यांनाच द्या. "मी कॅबने येतो रे अडीचला" असं म्हणणारा माणूस अडीचला येत नाही. आणि बदली व्हायच्या आधी पंधरा मिनिटं पुढच्या जोडीने खोलीत येऊन बसायचं, चहा पिऊन, चप्पल काढून, फोन बाहेर ठेवून. धावत आलेल्या माणसाचा श्वास भात्यात उतरतो, ऐकू येतं.

आता हातबदल. आजोळी मी लहान असताना बघायचो, वीणा देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, घेणारा आधी वीणेला हात लावून नमस्कार करतो, मग दोघांचे हात वीणेवर असतानाच पट्टा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो. एकही क्षण असा नाही की वीणेवर कुणाचाच हात नाही. पेटीला हे तसंच्या तसं लागू करा: घेणारा देणाऱ्याच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसतो. आपला हात देणाऱ्याच्या हातावर ठेवतो, भात्यावर नाही, हातावर. तीन-चार वेळा दोघं मिळून मारतात, लय कळते. मग देणारा भाता पूर्ण भरतो आणि आपला हात खालून अलगद काढून घेतो. पोटातल्या हवेवर सूर टिकलेला असतो, तेवढ्यात नव्या हाताचा पहिला दाब येतो. बोलायचं नाही, "घेतलं का?" वगैरे नाही. याची तालीम आदल्या आठवड्यात किमान एकदा सगळ्यांनी करा, प्रत्येकाने प्रत्येकाबरोबर, कारण उंची आणि हाताची ताकद वेगळी असते. आम्ही दोन संध्याकाळी फक्त हेच केलं, सूर एकही बदलला नाही.

आणि तरी चूक होतेच. पहाटे 3 वाजून 42 मिनिटांनी भातेवाला आणि बघणारा दोघंही झोपले. मी आतल्या खोलीत आडवा होतो, सूर आधी किंचित खाली घसरल्यासारखा झाला, मग पातळ झाला, मग नाही. मी जागा झालो तो शांततेने. रेकॉर्डिंगमध्ये ते बरोबर 11 सेकंद आहेत, त्यात लांबून एक कुत्रा भुंकलेला आहे, आणि मग भात्याचा एक जोरात झटका. कुणी कुणाला ओरडलं नाही, वहीत लिहिलं: "3.42, 11 सेकंद, झोप." सुरुवातीलाच ठरवून ठेवा की असं झालं तर काय, थांबायचं की पुढे जायचं. आमचं ठरलं होतं, पुढे जायचं आणि लिहायचं.

सूर बदलताना

भाता मारणाऱ्याने सूर बदलायचा नाही. त्यासाठी तिसरा माणूस, घड्याळ त्याच्याकडे. काढायच्या सुराची पिशवी उचलताना दोन बोटांनी आधी पट्टी दाबून धरायची, मग पिशवी बाजूला करायची, मग बोटं सावकाश वर. नुसती पिशवी उचललीत तर पट्टी टक् करून उडते, आणि दोन तासांच्या शांततेनंतर तो टक् सुतारकामासारखा ऐकू येतो. घालताना उलटं, बोटांनी हळू दाबा, सूर पूर्ण उघडला की पिशवी ठेवा. बदलाच्या दहा मिनिटं आधी खोलीत गर्दी होते, होऊ द्या. काकू 9 ला आल्या, प गेला, त्या म्हणाल्या, "अरे, किती मोकळं झालं." मग अर्धा तास बसल्या आणि 11 च्या आधी शेजारणीला घेऊन परत.

ऐकणाऱ्यांसाठी

येण्याजाण्यावर बंधन ठेवू नका. 1963 च्या त्या न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात तिकीट 5 डॉलर होतं आणि जितका वेळ बसाल तसे दर 20 मिनिटांना 5 सेंट परत. आम्ही तसंच केलं, 50 रुपये घ्यायचे आणि दर तासाला 2 रुपये परत, पूर्ण 24 तास बसणाऱ्याला 48 मिळाले असते. कुणी बसलं नाही, एका मुलीने 9 तास बसून 18 रुपये नेले, सगळी नाणी मोजून घेतली.

खाण्यात चिवडा, वेफर्स, पिशवीतलं काहीही नाही. केळी, इडली, शिरा, चहा कागदी कपात. जमिनीवर सतरंजी, भिंतीला टेकायला उशा, आणि झोपायला मनाई नाही, घोरायला आहे. एक वही आणि पेन दाराशी ठेवा, लोक लिहितात. आमच्या वहीत सकाळी साडेपाचची नोंद आहे: "कावळे आले. पेटी जिंकली नाही, हरली पण नाही."

शेवट

शेवटची सम सगळ्यात आधी ठरवून ठेवा, नाहीतर शेवटच्या मिनिटाला सगळे एकमेकांकडे बघत राहतात. आमच्यात असं होतं की 7 वाजता पिशव्या उचलायच्या नाहीत. भातेवाल्याने भाता पूर्ण भरायचा आणि हात मांडीवर ठेवायचा. पोटातली हवा संपेपर्यंत सूर जितका टिकेल तितका टिकू द्यायचा. तो चार सेकंद टिकला, मग प आधी गेला, बाकीचे नंतर. चौदा-पंधरा माणसं होती खोलीत, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बऱ्याच वेळाने काकूंनी विचारलं, "आता शिरा घ्यायचा का?"

पेटी दुपारच्या आत परत करा नाहीतर दुसऱ्या दिवसाचं भाडं लागतं. दुकानदाराने आमच्यासमोर पट्ट्या एकेक दाबून बघितल्या, पांढरी 5 वर थांबला, परत दाबली, कान लावला. "काय वाजवलंत एवढं?" म्हटलं, भूप. "किती वेळ?" म्हटलं, दोन आवर्तनं.

"आणि त्यात स्वर उतरला?" तो म्हणाला, आणि डिपॉझिटमधले दोनशे कापून घेतले.